कॉस थीटानं भागू नको

मी आठवीत शाळा सोडलेली बाई, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. भूतप्रेत, अंगात येणं... यातलं मी कधी काही मानलं नाही. म्हणूनच हे कुणाला सांगावं कळत नाही.

मी भंडाऱ्याकडची. नवरा गेल्यावर सोलापुरात आले तेव्हा सात रस्त्याजवळच्या एका क्लासच्या सरांनी झाडलोटीचं काम दिलं, वर राहायला खोली दिली. ते उपकार फिटायचे नाहीत. बारावीचं गणित शिकवायचे. उन्हाळ्यात त्यांना पॅरॅलिसिसचा झटका आला... वाचाच गेली. ते घरीच असतात, लांब जुळे सोलापुरात. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणतो. त्या त्यांच्या उशाशी बसून एकच म्हणायच्या, "एकदा नुसती हाक मारा की हो."

एका दुपारी रिकाम्या वर्गात सरावाला आलेली ऐश्वर्या नावाची विद्यार्थिनी फळ्यावर डिटरमिनंटचं गणित सोडवत होती. दोन उभ्या रेघांत साईन, कॉस मांडलेले. मी बाक पुसत होते. तिनं ते उलगडलं, आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्हीकडचा कॉस थीटा खोडायला गेली. तेवढ्यात मागून सरांचा आवाज—

"ऐश्वर्या, भागू नको की गं! एक उत्तर मरतंय!"

"हो सर," ती सवयीनं म्हणाली. मग खडूच पडला हातातून.

मागे कुणी नव्हतं.

"ताई... तुमीपण ऐकलं?"

मी हो म्हटलं. सर नेहमी असंच ओरडायचे म्हणे. कॉस शून्यही असू शकतो, त्यानं भागलं की नव्वद अंशाचं उत्तर हातचं जातं.

मी अक्कांना फोन लावून हे सांगितलं. "अगं, मी आत्ता पेज भरवतेय त्यांना," त्या म्हणाल्या. "हूं नाही की चूं नाही." मग चमचा वाटीत ठेवल्याचा आवाज आला. "पोरींशी बोलतात व्हय? आणि माझ्याशी न्हाय?"

तेव्हापासून अक्का रोज दुपारी रिक्षानं येतात. शेजारणीला सरांपाशी बसवून.

"परत तसंच चूक की गं, बाळा."

ऐश्वर्या रडवेली होऊन मुद्दाम कॉस थीटानं भागते. आम्ही तिघी कान देऊन बसतो. पंखा तेवढा फिरतो.

रेकॉर्डिंग म्हणावं, तर सर वर्गात फोन काढू देत नसत. भास म्हणावा, तर दोघींना एकदम कसा? मला उलगडा होत नाही. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं का, तेही कळत नाही.

काल अक्कांनी स्वतः खडू घेतला. "कुठला खोडायचा, दाव." त्यांनी एकेक करून दोन्ही कॉस थीटा खोडले आणि फळ्याला हात टेकून तशाच उभ्या राहिल्या. घरी सरांच्या पेजेची वेळ टळत होती. आम्हा दोघींपैकी कुणालाच त्यांना चला म्हणवेना.