गावात इंग्रज आलाच नव्हता

आमच्या थोरल्या वन्संइतकी अस्वस्थ बाई देगलूरपासून औशापर्यंत शोधून सापडायची नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही, माहेरीच राहिल्या आणि मुखेडजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत इतिहास शिकवतात. चहा उभ्यानं पितात, बातम्या फेऱ्या मारत ऐकतात, आणि कुणी अर्धवट खरं बोललं की त्यांच्या पायाला मुंग्या येतात. औशाच्या एका लग्नात आशीर्वाद द्यायला उठलेल्या पाहुण्यांच्या तोंडून 'इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली' एवढं निसटलं, आणि वन्सं अक्षता मुठीत धरूनच उठल्या. "दिली न्हाई! पैसा आपल्याच शेतसाऱ्यातला. अन् आधी कापूस न्यायला, मग माणसं!" भटजी घड्याळ बघत राहिले, नवरानवरी अंतरपाटाआड ताटकळली, पण रेल्वे मुंबई बंदराला लागल्याशिवाय वन्सं काही खाली बसल्या नाहीत.

वर्गात त्यांची येरझार चालू असते आणि पोरांच्या माना त्यांच्यामागं फिरत असतात. पुस्तकातलं वाक्य वाचून झालं की त्यांचा ठरलेला सवाल, "आता ह्यात काय सांगितलं न्हाई, ते सांगा!" ह्याच सवालानं एकदा त्यांना गाठलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेतकऱ्यांकडून सक्तीनं धान्य कसं वसूल झालं, ते त्या सांगत होत्या. सातवीतली एक मुलगी उठली.

"मॅडम, इंग्रज आपल्या गावात आल्ते का?"

"न्हाई. वर इंग्रज, त्याच्याखाली हैदराबादचा निजाम. गावात इंग्रज कुणी बघितलाबी न्हाई."

"मग आमच्या पणजीची जवारी कुणी नेल्ती?"

टाळता आलं असतं. तास संपतच आला होता.

"माझ्या आजोबानं," वन्सं म्हणाल्या. "गावचे पाटील होते ते. घराघरातनं पोती त्यांनीच उचलली."

शाळा सुटायच्या आत बातमी आमच्या ओट्यावर हजर. ते आजोबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे वडील. त्यांचा फेट्यातला फोटो आमच्याकडे देवांच्या रांगेत. मामंजींनी पुढ्यातलं ताट सारलं.

"घरातलं चव्हाट्यावर मांडायला पगार घेतीस का गं?"

"अण्णा, पोरीनं विचारलं. मी काय सांगू?"

"ठावं न्हाई म्हणायचं!"

"ठावं हाय की. आजीच सांगायची."

मामंजींनी अबोला धरला. वन्संनी फेऱ्या मारून मारून माझं सारवलेलं अंगण उखडलं. आपलं चुकलं असं त्यांना वाटत नव्हतं, आणि बरंही वाटत नव्हतं.

मग एका सकाळी मामंजी टोपी घालून आपणहून शाळेकडे निघाले. काय करतील नेम नाही, म्हणून मी मागोमाग. वर्गात काठी टेकून उभे राहिले, तशी वन्संची येरझार थांबली.

"तुमची मॅडम सांगती ते खरं हाय," मामंजी पोरांना म्हणाले. "मी लहान होतो. आमच्या अंगणात पोती रचल्ती, मी त्यांच्यावर चढून खेळत होतो. बाया दारात रडत होत्या. मला वाटलं, भांडण झालं आसंल." मग टोपी सारखी करून, "पर माझा बाप मला लई जीव लावायचा. तेबी खरं हाय."

त्याच मुलीनं हळूच विचारलं, "मॅडम, हेबी लिहून घ्यायचं का?"

"घ्या," वन्सं म्हणाल्या, आणि फळ्याकडे तोंड करून उगीचच फळा पुसत राहिल्या. फळ्यावर काही नव्हतंच.

आता मामंजी नाहीत. वन्संची निवृत्ती जवळ आलीय. परवा भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "पाटलाचं कुणीबी सांगंल गं. पर अण्णा त्या पोत्यांवर खेळत होते, हे माझ्या जागी येणाऱ्या नव्या बाईला कोण सांगंल?"