दा नांगच्या दुकानातली पुडी

नागपूरच्या विमानतळावर आमच्या टूरचे सगळे एकाच रंगाच्या टोप्या घालून उभे होते, अन् मी वेदूले कडेवर घेऊन सगळ्यात मागं, कारण मले वाटत होतं का पुढं गेली तं कोणी काही विचारीन अन् मले उत्तर येणार नाही. दहावीत नापास झाली तवापासून माझं असंच आहे. आमच्या यायचं, म्हणजे वेदूच्या बाबाचं, उमरेड रोडवर कृषी केंद्र आहे, बियाणं, खतं, फवारणीची औषधं. ज्या डीलरचा माल जास्त खपते त्याले कंपनी बायको-पोरासकट फिरायले नेते. या खेपेले व्हिएतनाम निघालं. मी आमच्या बेसाहून सीताबर्डीच्या बाजारात जाते तरी दोनदा पर्स चाचपते, अन् इथं तं दीड वर्षाचं लेकरू घेऊन समुद्रापार जायचं होतं.

मुंबईहून विमान बदललं, मंग सकाळी दा नांगले उतरलो. खिडकीतून पाहिलं तं खाली नदी, एका अंगाले डोंगर, दुसऱ्या अंगाले समुद्र, अन् मधात सगळं गाव पसरलेलं. बसमधून जाताना गावाबाहेर धानाचे बांध दिसले, अगदी आपल्या रामटेककडे असतात तसे, फक्त बायांच्या डोक्यावर पदर नाही तं नॉन ला (पानांची टोकदार टोपी). मले जरा बरं वाटलं. धान लावणारी बाई कुठं बी वाकली का तशीच दिसते.

खोलीत जाऊन बॅग उघडली तं वेदूच्या तापाच्या औषधाची बाटली फुटलेली. गुलाबी चिकट पाणी चिवड्यात, झबल्यात, यांच्या नव्या शर्टात. हे हसले. म्हणे, "चिवड्याले आता ताप येणार नाही." मी बी हसली, कारण तवा वेदू चांगला खेळत होता.

दुसऱ्या दिवशी आमाले होई आनले नेलं. जुनं गाव, पिवळ्या भिंती, दारोदार कागदाचे कंदील. आमच्यासोबत नागपूरचेच महाराज होते, ते जेवणाले वरण-भात करून द्यायचे, पण मी एका म्हातारीच्या गाडीवर फो (तांदळाच्या शेवयांचा रस्सा) घेतला, बिनमटणाचा, बोटानं दाखवून दाखवून. तिनं वरून इतका पाला टाकला का मले वाटलं गाईले देऊन राहिली. पण चांगला लागला. वेदूच्या तोंडात शेवई घातली, त्यानं थुंकली, अन् माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. मान गरम लागली. मी पुन्हा हात लावला. पोट बी गरम.

बोरकर काकू म्हणून काटोलच्या डीलरच्या घरच्या आमच्यासोबत होत्या, अशा टुरा पुष्कळ केलेल्या. त्यायनं हात लावला अन् म्हटलं, "अवं, हे तं चांगलंच तापलं. दवाखान्यात नको नेऊ पण. बाहेरदेशात दवाखान्यात गेलं का ते लेकरू ठेवूनच घेतात. मंग विमान जाते अन् आपण इथंच. मेडिकलमधून आण काही."

मले हेच ऐकायचं होतं. खरं सांगते, मले डॉक्टरची भीती वाटते. आपल्याकडे बी वाटते. डॉक्टर विचारते कवापासून, किती, काय दिलं, अन् माझ्या डोक्यातून सगळं उडून जाते, मी यांच्या तोंडाकडे पाहते. मेडिकलवाल्याचं तसं नाही. नुसतं म्हणायचं, लेकराले ताप आहे, तो काढून देते.

संध्याकाळी दा नांगले परत आलो. हॉटेलजवळ न्या थुऊक (औषधाचं दुकान) होतं. काउंटरमागं एक बाई, चष्मा, स्वच्छ पांढरा कोट. तिनं फोन पुढं केला, ती तिच्या भाषेत बोलली अन् फोन हिंदीत बोलला, "बच्चे को कब से बुखार है?" यायनं बी फोनमध्येच सांगतलं का आजच आला, पण परवा आमचं विमान आहे, तं एकदम जोरदार काहीतरी द्या, लवकर उतरलं पाहिजे. बाईनं वेदूच्या कानाले यंत्र लावलं, आकडा पाहून तोंड बारीक केलं. मंग वेगवेगळ्या पाकिटांमधून गोळ्या कापल्या, एक पिवळी अर्धी, एक पांढरी, एक छोटी गुलाबी, एक कॅप्सूल, अन् एका एका वेळेच्या वेगळ्या पुड्या बांधून दिल्या. कुटून पाण्यात द्यायच्या. प्रेमानं दिल्या. वेदूच्या हातात एक लिमलेटची गोळी बी दिली.

खोलीवर आल्यावर यायनं पुडी उजेडात धरली अन् हसले. "कविता, हे तं आपल्या दुकानासारखंच आहे."

"काहून?"

"कास्तकार शेतातलं पान घेऊन येते का नाही, डाग पडलेलं. तो म्हणते, भाऊ, जोरदार द्या. आता मले पानावरून पक्कं थोडीच समजते? मंग मी फवारणीच्या एका पंपात चार औषधं टाकायले सांगतो. एक अळीचं, एक बुरशीचं, एक टॉनिक, एक चिकटवायचं. चारातलं एखादं तं लागूच पडते."

मी चमचा धुवून राहिली होती. मी विचारलं, "अन् बाकीच्या तिघांचं काय होते?"

"काय होणार. कपाशीची पऱ्हाटी असते, सहन करते."

वेदू पलंगावर पडला होता, गाल लाल, एक मोजा घातलेला अन् एक कुठं गेला कोणास ठाऊक. यायनं त्याच्याकडे पाहिलं, मंग हातातल्या पुडीकडे.

"थांब," म्हणे. "नको देऊ."

"मंग काय करू? अंग पाहा न त्याचं."

"डॉक्टरकडे जाऊ. ठेवून घेतलं तं घेतलं. विमान दुसरं भेटते."

मी वेदूले कडेवर घेतलं. हॉटेलवाल्या पोरीनं दोन गल्ल्या सोडून एक दवाखाना सांगतला. डॉक्टर म्हातारा होता, आवाज हळू. त्याच्याकडे बी फोनवालं बोलणं. मी वेदूले घट्ट धरून बसली, जसं काही तो आताच हिसकावून घेईन. त्यानं आधी वेदूले वजनकाट्यावर बसवलं. कान पाहिले, घसा पाहिला, मान वाकवून पाहिली, पोट दाबलं. मंग फोन माझ्याकडे वळवला, यांच्याकडे नाही. "पानी पी रहा है? पेशाब कर रहा है? खेलता है?" मी म्हटलं, हाव. पुडी दाखवली. त्यानं गोळ्या तळहातावर घेतल्या, दोन ओळखल्या, त्यातली कॅप्सूल म्हणे अँटिबायोटिक आहे. पांढऱ्या गोळीवर कितीतरी वेळ नजर लावून बसला अन् मान हलवली. ही काय आहे मले सांगता येत नाही, असं तो म्हणाला.

त्यानं लिहून दिली फक्त तापाची पावडर, वजनाप्रमाणं. पाणी पाजत राहा. पिणं बंद केलं, झोपेतून उठेना, झटका आला, तं लगेच आणा. अन् आणखी एक गोष्ट त्यानं फोनमध्ये सावकाश सांगतलं: बहुतेक हा लहान लेकराइचा व्हायरल ताप आहे, दोन-तीन दिवस राहते, अन् ताप उतरल्यावर अंगावर लाल पुरळ येऊ शकते. ताप गेल्यावर आलं तं घाबरायचं नाही.

ठेवून घेतलं नाही. पण मले समाधान वाटलं नाही. इंजेक्शन नाही, बाटली नाही. काकू तं म्हणाल्याच, "नुसती तापाची पावडर? मंग तो डॉक्टर काहून झाला?"

पावडर आणायले पुन्हा त्याच दुकानात गेलो. मले लाज वाटत होती, तिले वाटीन आमचा तिच्यावर भरोसा नाही. तिनं चिठ्ठी वाचली, मान डोलावली, पावडर दिली अन् पाण्यात किती टाकायची ते पेल्यावर पेनानं रेघ मारून दाखवलं. तिच्या तोंडावर काहीच राग नव्हता.

पुढच्या दिवशी सगळे डोंगरावरचा मोठा पूल पाहायले गेले. मी अन् हे राहिलो. मी वेदूले घेऊन समुद्रावर बसली. तिथले कोळी वेताच्या गोल टोपल्यात बसून समुद्रात जातात, टोपल्याले ना पुढं ना मागं, एकाच वल्ह्यानं गोल गोल करत पुढं जातात. मी पाहतच राहिली. दुपारी पावडर दिली होती तरी ताप चढला. हे पाणी आणायले गेले होते अन् पुडी अजून माझ्या पर्समध्येच होती. मले वाटलं, काय सांगता येते, डॉक्टर म्हातारा आहे, त्याले काही समजलं नसीन तं? मी पुडी फोडली. चमच्यात अर्धी पिवळी गोळी चुरली बी.

तेवढ्यात वेदूनं माझ्या बाजूले ठेवलेलं शहाळं ओढलं अन् नळीनं भुरके मारत अर्धं पिऊन टाकलं. अन् थोड्या वेळानं माझ्या मांडीवर, नव्या ड्रेसवर, कोमट ओल आली. डॉक्टरनं हेच तं विचारलं होतं. पिते का, सू करते का. दोन्ही करून राहिला होता. मी चमचा समुद्राच्या पाण्यात धुतला. हे आले तं म्हणे, "ओली कशी झाली वं?" मी म्हटलं, "चांगली झाली."

विमानात बसलो तवा अंग थंड होतं. मुंबई यायच्या आधी त्याचं झबलं वर केलं तं पोटावर, पाठीवर बारीक लाल ठिपके. बाजूच्या सीटवरून काकूनं पाहिलं. "अवं, हे तं रिअ‍ॅक्शन आहे. त्या डॉक्टरच्या औषधाची. विमानवालीले बोलाव." दोन-तीन बाया मागून वाकून पाहायले लागल्या. मी वेदूच्या कपाळाले हात लावला. थंड. पुन्हा लावला. थंडच.

"काकू," मी म्हटलं, "हे येणार हे त्यानं सांगतलं होतं. ताप गेल्यावर."

"सांगतलं होतं?"

"हाव."

मंग काकूनं आपल्या पिशवीतून चकली काढून वेदूले दिली.

नागपूरले आल्यावर बेसाच्या डॉक्टरकडे नेलं, तरी एकदा दाखवून घ्यावं म्हणून. त्यानं पुरळ पाहिलं अन् नेहमीसारखं विचारलं, काय काय दिलं? हे तोंड उघडणार तेवढ्यात मी सांगतलं. ताप कवा आला, तापाची पावडर वजनाप्रमाणं किती वेळा दिली, दुसरं काहीच नाही. पुडीचं बी सांगतलं, का तिच्यात अँटिबायोटिक होतं, ती घेतली पण दिली नाही.

डॉक्टर म्हणाला, "बरं झालं दिली नाही. दिली असती अन् त्यावर हे पुरळ आलं असतं, तर ते तापाचं की औषधाचं, मी सांगू शकलो नसतो. मला लिहून ठेवावं लागलं असतं की या मुलाला त्या अँटिबायोटिकची अ‍ॅलर्जी आहे. उद्या खरंच गरज पडली तरी कोणी ते औषध दिलं नसतं."

बाहेर येऊन बाकावर बसली मी जरा. त्या दुकानातल्या बाईचा मले राग नाही. आम्ही जोरदार मागितलं, तिनं जोरदार दिलं. पावडर लागली तं मी आजही तिच्यापासून घेईन, अन् पेल्यावर तिनं मारलेली रेघ मले कोणत्या डॉक्टरनं शिकवली नसती. पण परक्या गावात लेकराले काय झालं हे आधी पाहणारा कोणीतरी लागते, मंग देणारा. आम्ही आधी देणाऱ्याकडे गेलो, कारण तो काही विचारत नाही. विचारणाऱ्याले मी इतकी वर्षं भिऊन राहिली, अन् त्यानं जे विचारलं ते सगळं मले येत होतं.