उडणाऱ्या म्हाताऱ्याची तार

हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत उंचावर चढून कारखान्यांचे शेड उभारणारा माझा मुलगा आज सेफ्टी बेल्ट घरीच विसरून गेला. बेल्टला बाबांच्या कपड्यांसारखा ग्रीसचा वास आला आणि मी मनानं थेट लहानपणीच्या, सेक्टर १०च्या आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये पोचले.

सुपेल्याच्या बाजारातून भाड्यानं आणलेला व्हीसीआर, त्यावर तैवानचा स्वस्तातला तलवारबाजीचा पिक्चर. पांढऱ्या दाढीचा म्हातारा ढगांतून उडत होता. त्याच्या पाठीची तार स्वच्छ दिसत होती, अन् आम्ही बहिणी हसून लोळत होतो. बाबा मात्र ताडकन उठले. स्टील प्लांटमध्ये तारेनं अवजड सामान वर चढवायचं त्यांचं काम.

"एवढ्याशा तारेवर मानूस टांगला? खाली कोनी उभं तर नाही ना?"

"बाबा, पिक्चर आहे तो!"

ते येरझारा घालत राहिले. आंघोळीला गेले, तर तिथूनही ओरडले, "उतरला का वं तो?"

त्यावरून आम्ही त्यांना ते असेपर्यंत चिडवलं.

आज दुपारभर मी खिडकीतून दारात, दारातून खिडकीत. संध्याकाळी फोन वाजला.

"आई, बेल्ट घरीच राहून गेला ना…"

"ते जाऊ दे. उतरला का रे तू?"