अंबादासकाकांची टिप

“ताई, ह्यात माझे पैसे धरू नका. मी देणार न्हाई.”

अंबादासकाकांनी रिकामं पाकीट माझ्या हातात परत ठेवलं आणि ते बसकडे चालू लागले. आम्ही स्वित्झर्लंडमध्ये हायवेलगतच्या एका पंपावर चहाला थांबलो होतो. टूरचा चौथा दिवस. एकोणतीस लोकांचा ग्रुप, बहुतेक जालना, बदनापूर आणि आसपासचे. मी त्यांची टूर मॅनेजर. म्हणजे एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंत पासपोर्ट, बॅगा, जेवणं आणि लोकांचे रुसवेफुगवे सांभाळणारी बाई.

पाकीट टिपचं होतं. युरोपात एकच ड्रायव्हर सगळी टूर तुमच्याबरोबर असतो. प्रत्येक प्रवाशाने रोजचे ठरावीक थोडे युरो धरायचे आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांचे मिळून त्याला द्यायचे, अशी पद्धत आहे. कायद्याने सक्ती नाही. पण ड्रायव्हर ते धरूनच महिन्याचा हिशेब मांडतो.

निघण्याआधी जुन्या जालन्यात एका कापड दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये मी मीटिंग घेतली होती. टिपचा विषय तिथेच सांगितला होता. अमेरिकेत वेटरची निम्मी कमाई टिपचीच असते, न देता उठलात तर तो येऊन विचारेल की माझं काय चुकलं. जपानमध्ये बरोबर उलटं. मी एकदा तिथे टेबलावर नोट ठेवून निघाले, तर वेट्रेसला वाटलं मी विसरले; बिचारी रस्त्यापर्यंत धावत आली परत द्यायला. युरोप या दोघांच्या मधला. हॉटेलात वरचे सुटे सोडायचे, ड्रायव्हरला शेवटी पाकीट. लोक हसले, काहींनी लिहून घेतलं. अंबादासकाका मागच्या खुर्चीवर गप्प होते. मी तो होकार धरला.

काका बदनापूरचे. चौतीस वर्षं सरकारी लाल गाडीवर ड्रायव्हर होते. पुण्यातल्या मुलीने आईवडिलांना हट्टाने टूरवर पाठवलं होतं. पहिल्या दिवशी बसमध्ये चढताच त्यांनी ड्रायव्हरच्या मागची, त्याचे हात दिसतील अशी सीट धरली. नियमाप्रमाणे सीट रोज बदलायच्या असतात. काका बदलायला तयार नव्हते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कुणी भांडलंही नाही.

ड्रायव्हर मारेक पोलंडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. डॅशबोर्डवर त्याच्या मुलीचा फोटो होता. मी एकदा विचारलं, घरी कधी? त्याने दोन्ही हातांची बोटं दाखवली, वर आणखी एक. अकरा दिवस. त्याआधी तीन आठवडे तो रस्त्यावरच होता.

सगळा ग्रुप खिडकीतून बर्फ बघायचा. काका मारेकचे हात बघायचे. घाटात उतार लागला की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. वळणावर डावा हात मांडीवरून उचलला जायचा आणि हवेत थोडा पुढे जाऊन परत यायचा.

“झोपतच न्हाईत गाडीत,” काकांच्या पत्नी सुमनकाकू मला हळूच म्हणाल्या. “रिटायर व्हायच्या आधी दोन वर्षं डोळ्याच्या तपासणीत फेल झाले. तवापासून स्टेअरिंगला हात न्हाई. डेपोत बसवलं, टायर मोजायला. घरी आले आन् खाकी कपडे घडी करून पेटीत ठेवले. काईच बोलले न्हाईत.”

काकांनी पाकीट परत केल्याचं दुपारपर्यंत बसभर झालं. आमच्यात एक कापडाचे व्यापारी होते. ते म्हणाले, “मॅडम, ते देत नसतील तर आम्ही तरी का द्यायचं? ड्रायव्हरला पगार मिळतोच की.” मागून दोघांनी मान डोलावली. मी पुण्याच्या ऑफिसात आमच्या मॅडमना फोन लावला.

“मॅडम, एक पॅसेंजर टिप देत नाहीयेत. बाकीचेही कुरकुर करतायत.”

“किती वर्षं झाली तुला या लाइनमध्ये? खिशातून भर आणि विषय संपव. ड्रायव्हर बिघडला तर पुढचे दिवस तुलाच जड जातील.”

मी तेच केलं. यादीत काकांच्या नावापुढे बरोबरची खूण केली. व्यापाऱ्यांना यादी दाखवली. त्यांनी मुकाट्याने आपलं पाकीट दिलं. प्रश्न सुटला असं मला दोन दिवस वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी तेच व्यापारी काकांना म्हणाले, “काय काका, शेवटी भरले ना?”

काका माझ्या टेबलापाशी आले. आवाज चढलेला नव्हता, हे जास्त वाईट होतं.

“माझ्या नावापुढं खूण कुणी केली?”

“मी केली, काका.”

“चौतीस वर्षांत माझ्या नावावर एकबी खोटी नोंद न्हाई, ताई. तुम्ही एका दिवसात करून टाकली.”

मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली आणि निघून गेले. दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या लाइनमध्ये गिऱ्हाईक ओरडलं तर सोसतं. असं बोललेलं सोसत नाही.

तिकडे साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला पाऊण तास थांबावंच लागतं. गाडीतल्या मशीनवर सगळी नोंद होते. त्या दुपारी आम्ही अशाच थांब्यावर होतो. मारेक गाडीपासून लांब गवतावर डोळे मिटून पडला होता. काका बाकावर बसून त्याच्याकडे बघत होते. मी शेजारी जाऊन बसले.

“काका, पैशांचं सोडा. पण का नको म्हणता ते तरी सांगा.”

ते बाकावर जरा सरकून बसले.

“घनसावंगीच्या पुढं एकदा एक बाई अडली होती. पोटात कळा सुरू. मी गाडी सरळ दवाखान्यात नेली, पॅसेंजरसगट. कुणी काई म्हणलं न्हाई. तिच्या सासऱ्यानं नोट पुढं केली. मी म्हणलो, मामा, हे ठेवा, पोरीला खारीक-खोबरं आणा. पैसे घेतले असते तर मंग मी काय केलं म्हणायचं? भाडं मारलं? डायवरच्या हातावर पैसे ठेवले की त्याचं सगळं केलेलं तेवढ्याचंच होतं, ताई.”

मी दुसरंच विचारलं. “गाडी कोणती होती तुमच्याकडे?”

त्यांचा चेहरा बदलला. “कुंभार पिंपळगावची वस्तीची गाडी. नऊ वर्षं.”

वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळी जालन्याहून निघून गावात मुक्काम करणारी आणि सकाळी पहिली फेरी घेऊन परत येणारी. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावातच राहतात.

“मग जेवण?”

“स्टँडच्या मागं गंगूबाई म्हणून होती. मालक वारल्याला, पोरगं शाळेत. त्या पोराला मी रोज सकाळी घनसावंगीला सोडायचो. ती डबा पाठवायची. दोन भाकरी, पिठलं, कांदा. कधी वांग्याचं भरीत. मी न्हाई म्हणलो तरी डबा यायचाच.”

“तुम्ही परत केला नाहीत?”

“भाकर कशी परत करायची?”

समोर डोंगरावर गाई चरत होत्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. मला एकदम आमच्या घरच्या तव्यावरच्या भाकरीचा वास आठवला. वर्षातले सहा महिने मी लोकांना जग दाखवत फिरते. घरी असते तेव्हा बॅग भरत असते.

“डोळ्याचं झालं ते मंगळवारी,” काका म्हणाले. “तपासणीला म्हणून गेल्तो, परत गाडीवर बसूच दिलं न्हाई. तिला सांगायचं राहूनच गेलं की आता मी येत न्हाई. त्या दिवशी बी डबा आला आसंल. कुणी खाल्ला, कोण जाणे.”

“नंतर गेला नाहीत कधी?”

“पॅसेंजर म्हणून? त्याच गाडीत?” त्यांनी मान हलवली. “लई वाटतं. पण पाय उचलत न्हाई.”

मारेक उठून बसला, कपड्यांना चिकटलेलं गवत झटकलं आणि घड्याळ बघितलं. काका त्याच्याकडे बघतच म्हणाले, “ह्याला कोण डबा देत आसंल हो?”

मी म्हणाले, “कुणी नाही, काका. इथं डब्याची पद्धत नाही. इथं पाकिटाची आहे.”

ते उठले आणि बसकडे गेले. होही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

शेवटची संध्याकाळ फ्रँकफर्टच्या बाहेरच्या हॉटेलात होती. जूनमध्ये तिथे आठ वाजताही लख्ख ऊन असतं. मी ग्रुपचं पाकीट तयार केलं. काकांच्या नावावर भरलेले माझे पैसे काढून घेतले आणि यादीतली खूण खोडली. पार्किंगकडे निघाले तर काका-काकू लॉबीत उभे होते. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

“माझे ह्यात टाका,” त्यांनी पैसे पुढे केले. “आन् पाकीट मी देतो. चालंल का?”

मारेक गाडीची काच पुसत होता. काकांनी दोन्ही हातांनी पाकीट पुढे धरलं. “त्याला सांगा, गाडी बराबर चालवली. एकदाबी ब्रेक झटक्यानं मारला न्हाई. सांगा, मीबी डायवर होतो. चौतीस वर्षं.”

माझ्या तोडक्या इंग्रजीतून त्याच्या तोडक्या इंग्रजीत ते पोहोचलं. मारेकने पाकीट न उघडता खिशात घातलं. मग तो काकांच्या हातांकडे बघत राहिला, आणि पुढचं दार उघडून त्याने आपल्या सीटकडे बोट दाखवलं.

काका मागे सरकले. “नको, नको. डोळ्यानं दिसत न्हाई मला.”

“गाडी उभी आहे, काका,” मी म्हणाले.

ते चढले. चढण्याआधी चपला काढल्या. सीटवर बसून त्यांनी स्टेअरिंगवर हात ठेवले, आणि डावा हात सवयीने गिअरकडे गेला. तिथे खिडकीची काच होती. तिकडे स्टेअरिंग डावीकडे, सगळंच उलटं. मारेकने वाकून त्यांचा उजवा हात धरला आणि गिअरच्या बटणांवर नेऊन ठेवला. मग किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. काकांनी डोळे मिटले. इंजिनाची थरथर त्यांच्या मनगटांपर्यंत येत होती.

काकू हळूच चढून त्यांच्या मागच्या सीटवर बसल्या. मला म्हणाल्या, “इतकी वर्षं झाली, ह्यांच्या गाडीत कधी बसलेच न्हाई मी. ड्यूटीवर घरचं माणूस नको म्हणायचे.”

काका रडत होते. मारेक फूटबोर्डवर उभा होता, दुसरीकडे बघत. पाचेक मिनिटांनी काकांनी स्वतःच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, उतरले, चपला घातल्या आणि मारेकला नमस्कार केला. त्यानेही हात जोडले. आम्ही तिघं आत गेलो.

त्यानंतर मी कामाच्या पद्धतीत दोन बदल केले. मीटिंगमध्ये टिप किती द्यायची हे सांगण्याआधी ड्रायव्हरचं नाव आणि गाव सांगते, आणि पाकीट ग्रुपमधल्याच कुणालातरी द्यायला लावते. दुसरं म्हणजे मागच्या खुर्चीवर गप्प बसलेल्या माणसाला, मीटिंग संपल्यावर, चहाचा कप घेऊन जाऊन विचारते की तुमचं काय म्हणणं आहे. यात अर्धा तास जास्त जातो. ऑफिसला ते परवडत नाही, पण मी करते.