बाबांची मरून गाडी

ऑफिसात तिला सगळे रंगारीणबाई म्हणत. हात मात्र तिचे कधी रंगाने माखले नाहीत. सगळं काम कॉम्प्युटरवर. जाहिरातीत वळणावरून झोकात जाणारी ती कोरी करकरीत गाडी असते ना, ती पुष्कळदा नसतेच मुळी! कॉम्प्युटरवर बनवलेली असते, आणि तिचा रंग हिच्यासारख्या कुणीतरी चढवलेला असतो. खाली रंग, त्यात धातूची बारीक चमकी, वर लॅकरचा पारदर्शक थर. तो थर अगदी गुळगुळीत ठेवला की गाडी प्लास्टिकच्या खेळण्यासारखी दिसते, म्हणून त्याला संत्र्याच्या सालीसारखी, जेमतेम जाणवेल इतकी खडबड द्यायची. तेवढ्यासाठी ही बाई आठवडा घालवायची. वेड असल्याशिवाय असलं काम होत नाही, दुसरं काय!

घरी बाबांना सगळ्याचाच विसर पडत चालला होता. बायको गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. लेक समोर बसून घास भरवायची, तर तिला ते "ताई" म्हणायचे, दवाखान्यातल्या नर्सला म्हणावं तसं. आठवत होती फक्त मरून रंगाची गाडी. एकदा गाडी घेऊन निघाले नि रस्ता चुकून भलतीकडेच सापडले, तेव्हा तिच्या भावाने ती विकून टाकली होती. "माझी गाडी कुठाय?" रोज तेच. भाऊ म्हणायचा, "सांग गॅरेजला दिलीय म्हणून, नि हो मोकळी." त्याचं काय जातंय, तो फोनवरून बोलतोय!

तिच्या मनाने घेतलं, की गाडी दिसली तर तिच्या मागच्या सीटवर बसणारी पोरगीही त्यांना आठवेल. एकदा त्यांनी नावाने हाक मारावी, एवढंच तिला हवं होतं. झालं, बाई कंबर कसून बसली. जुन्या फोटोंवरून तिने गाडी उभी केली. टपावरचा उन्हाने विटलेला रंग, हँडलपाशी अंगठीने पडलेले ओरखडे, मागच्या दाराचा पोचा, काही म्हणता काही सोडलं नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने बाबांना स्क्रीनसमोर बसवलं. बाबा एकदम ताठ झाले.

"आली की हो माझी गाडी!"

बाबा पुढे वाकले, दाराच्या चकचकीत रंगात निरखून बघू लागले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. रंगात आभाळ होतं, झाडं होती, रिकामा रस्ता होता. गाडीसमोर माणूस काही तिने उभा केला नव्हता. जाहिरातीत कुणी करतच नाही.

बाबांचा चेहरा उतरला. "यात मी दिसत नाही."

"अहो बाबा, चित्र आहे ते."

"झाडं दिसतायत. मीच दिसत नाही." मग हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, मी गेलो का?"

तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना.

"असू द्या, रडू नका," उलट त्यांनीच तिची समजूत घातली. "माझ्या लेकीला कळवलंत का?" आणि त्यांनी तिचं नाव घेतलं, ती लहान असताना घ्यायचे तसं, लाडाने.

"कळवलंय," ती म्हणाली. "निघालीय ती."

"मग थांबू या," बाबा म्हणाले आणि तिच्याकडे पाठ करून दरवाज्याकडे बघत बसले.