दहापैकी किती

नर्सिंगला आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम पेशंटला हात लावण्याआधी तळवे एकमेकांवर घासून गरम करायच्या, अगदी उन्हाळ्यातसुद्धा. बोलणं थोडकंच. आम्ही काही सांगितलं की "हां, मग?" एवढं विचारून थांबायच्या, आणि त्या थांबण्याचीच आम्हाला लई भीती वाटायची.

प्रॅक्टिकलच्या दिवशी माझ्या वाट्याला आष्टीकडची एक ऊसतोड बाई आली. कोयता लागून तिच्या पायाला झालेली जखम चिघळली होती. मी पुस्तकातल्यासारखी पट्टी बांधली आणि ताठ उभी राहिले. मॅडमनी मार्कांची वही मिटली आणि त्या बाईलाच विचारलं, "मावशी, हिला दहापैकी किती देऊ?"

बाई गडबडली. "समदेच द्या की. लई झ्याक बांधलंय." मग पदर सावरत हळूच म्हणाली, "पन पोरीनं एकदाबी वर बघितलं न्हाई. पट्टी आवळलीय, सांगू कुनाला?"

मॅडम माझ्याकडं वळल्या. "हां, मग?"

मी खाली बसले, तळवे घासले आणि बाईच्या तोंडाकडं बघत पट्टी सोडायला लागले. तेव्हा कुठं मॅडमनी वही उघडली.