दुसऱ्या फेरीचं टेबल

एकाच जहाजावर लागोपाठ दोन सफरी केल्या तर काय होतं, हे मला आता कोणीही विचारावं. सामान बांधावं लागत नाही, खोली तीच राहते. लाइफ जॅकेटची कवायत मात्र पुन्हा करावी लागते. जादूगार तेच रुमाल काढतो, तेच विनोद करतो आणि आपण आधीच हसून फजिती करून घेतो. एवढं मुलानं सांगितलं होतं. बाकीचं मी माझ्या कर्मानं शिकले.

मी बँकेतून निवृत्त झाले म्हणून मुलानं तिकिटं काढली. आधी मुंबई-गोवा-मुंबई, त्याला जोडूनच लक्षद्वीप. सोबत म्हणून मी थोरल्या बहिणीला घेतलं. ती कल्याणजवळ आमच्या गावातच राहते. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. ती मिठागरात राबली म्हणून मी शाळेत गेले, नोकरीला लागले, ठाण्यात वर्तकनगरला ब्लॉक घेतला. खाडीच्या बांधावर उभं राहून ती म्हणायची, "मोठ्या बोटीत बसायचाय गो एकदा." तिची ती हौस पुरवायची म्हणून मी मोठ्या ऐटीत तिला घेऊन निघाले होते.

आमच्या गावातल्या बायकांची एक सवय आहे. जेवून रिकाम्या हातानं उठायचं नाही. पहिल्याच दुपारी ताईनं टेबलावरच्या सगळ्यांच्या प्लेटा गोळा केल्या, खरकटं एकीत काढलं, कागदी नॅपकिननं टेबल पुसलं आणि ती चळत घेऊन उठली. समोर घोडबंदर रोडच्या टॉवरमधलं एक जोडपं बसलं होतं. त्यातली बाई मला म्हणाली, "बरं केलंत, मदतीला बाई घेऊन आलात. आमची पाण्याला घाबरते."

मी म्हणाले, "हो ना, सोबत होते."

यात खोटं काय बोलले, असं मी दिवसभर स्वतःला विचारत राहिले. पण त्यानंतर त्या टेबलावर मी तिला ताई म्हणून एकदाही हाक मारली नाही. मिठानं चिरलेल्या तिच्या टाचा चपलांतून दिसायच्या. त्या दिसू नयेत म्हणून मी तिला भिंतीकडची खुर्ची द्यायला लागले. हे लिहिताना लाज वाटते आहे. तेव्हा वाटली नाही, याची जास्त वाटते.

जहाज मुंबईला परत लागलं. सगळे बॅगा ओढत उतरायला लागले. घोडबंदरवाल्या बाईंनी लांबून हात केला, "तुमच्या मावशींना सांभाळा हं!" पुढच्या सफरीलाही थांबणारे आम्ही दहा-बारा जण. आम्हाला खोलीची नवी कार्डं दिली आणि एका हॉलमध्ये बसवून ठेवलं. मग परत खोलीकडे जाताना लांबच लांब बोळात चिटपाखरू नव्हतं. ताई हात पसरून चालत होती. "आख्खी बोट आपलीच गो!"

मलाही हलकं वाटत होतं. माझं ऐकणारे सगळे उतरून गेले होते. आता नवी माणसं, नवं टेबल. या वेळी पहिलं वाक्य मीच बोलणार होते आणि ते मी आरशासमोर म्हणूनसुद्धा पाहिलं: ही माझी थोरली बहीण, हिनं मला वाढवलं.

दुपारी जेवायला गेलो. वेटर तोच, टेबल तेच. समोर डोंबिवलीचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. मी घसा साफ करेपर्यंत त्या बाईंनी ताईकडे पाहून विचारलं, "दोघी बहिणी का हो? नाकडोळे अगदी सारखे."

"नाय नाय," ताई शांतपणे म्हणाली. "मी बाईंकडं कामाला हाय. सोबतीला म्हनून आनलंय त्यांनी मना."

म्हणजे तिनं ऐकलं होतं. त्या दिवशी ती प्लेटा घेऊन माझ्या खुर्चीमागेच उभी असणार. तीन दिवस ते पोटात ठेवून ती माझ्याशी हसत-बोलत होती, आणि आता परक्यांसमोर मला अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणून स्वतःच पुढे झाली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, सख्खी बहीण आहे ती माझी," मी म्हणाले. माझा आवाज नको तितका चढला. "सख्खी. थोरली."

मास्तरांनी आणि त्यांच्या बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. मग त्या बाई कौतुकानं हसल्या. "किती मानानं वागवता हो त्यांना! नाहीतर हल्ली कोण असं म्हणतं?"

"बाई लय चांगल्या हायत," ताई म्हणाली.

त्यानंतर कोणी काय बोललं ते मला आठवत नाही. जेवण संपलं. ताई प्लेटा रचायला लागली. मी उठले आणि तिच्या हातातली चळत ओढायला लागले. तिनं ती सोडली नाही.

"बसा बाई," ती म्हणाली. "तुमी बसा."